आरोग्याच्या पैशातून झाडं मोजा

करोनाच्या पहिल्या दोन वर्षांत गुळवेल कुंपणावरून थेट औषधाच्या दुकानात गेली. काढ्याची पाकिटं, गोळ्या, बाटलीबंद रस. ज्यांच्या दारातल्या कडुनिंबावर वेल चढलेली होती त्यांच्याकडे शेजारीपाजारी कांड्या मागायला येऊ लागले. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर या रुग्णांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला: रुग्णांनी पोटात घेतलेली वनस्पती कोणती, हे डॉक्टरांनी तपासलेलंच नाही. गुळवेलीसारखी दिसणारी, तिच्याच कुळातली दुसरी जात असू शकते. पुढे देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून मोठा अभ्यास केला, हाती लागलेले नमुने तपासले आणि ती गुळवेलच असल्याचं सांगितलं. वाद तरीही मिटला नाही. समाजमाध्यमांवर तर तो ॲलोपॅथी विरुद्ध आयुर्वेद या जुन्याच आखाड्यात उतरला आणि तिथेच रुतला.

मंत्रालयाचा हेतू काही का असेना, त्याने विचारलेला प्रश्न रास्त होता. फक्त तो एक वर्ष आधी आणि स्वतःलाच विचारायला हवा होता. कोट्यवधी लोकांना काढ्याचा सल्ला देणाऱ्यांनी बाजारात गुळवेल म्हणून काय काय विकलं जातं, हे आधी पाहायला नको होतं का? डॉक्टरांचीही बाजू तितकीच लंगडी. रुग्णाच्या रक्ताच्या दहा तपासण्या होतात, पण त्याने आणलेल्या पिशवीतली कांडी एखाद्या वनस्पतिसंग्रहालयात नाव लावून ठेवण्याची आपल्या रुग्णालयांत रीत नाही. यकृत ओळखणारा माणूस तिथे होता, वेल ओळखणारा नव्हता.

माझं म्हणणं या रिकाम्या जागेबद्दल आहे. रानात फिरून झाडं ओळखणं, ती मोजणं, त्यांच्याखाली काय उगवतं आणि काय मरतं हे वर्षानुवर्षं पाहणं, याला आपण निसर्गप्रेमींचा छंद मानतो. फार तर वन खात्याचं काम. माझ्या मते हे सार्वजनिक आरोग्याचं काम आहे आणि त्याचा खर्च आरोग्य संशोधनाच्या पैशातूनच व्हायला हवा. पर्यावरणाच्या उरल्यासुरल्या निधीतून नव्हे.

सर्वांत ठळक उदाहरण कर्नाटकातल्या सह्याद्रीत आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या रोगाचा विषाणू शोधला. तो रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. मग तो इथवर आला कसा? स्थलांतरित पक्ष्यांबरोबर तर नव्हे? या एका शंकेपायी जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपर्यंत पोचला आणि भारतात पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याचं मोठं काम उभं राहिलं. पक्षी दोषी असल्याचा पुरावा मिळाला नाही. पण भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं तापाच्या पैशातून आलेलं आहे. त्या काळी असं करायला कुणाला संकोच वाटला नाही.

तेव्हाच्या अभ्यासकांनी जंगलही वाचलं होतं. १९६९ मध्ये जॉर्ज बोशेल यांनी या रोगाची परिस्थितिकी मांडली. तिचा सारांश असा: विषाणू जंगलात लहान प्राणी आणि गोचीड यांच्यात मुकाट फिरत असतो. माणूस जंगल तोडून आत शिरतो, गुरं चरायला सोडतो. पूर्ण वाढलेल्या गोचिडांना गाईम्हशींचं रक्त मिळतं आणि त्यांची संख्या भरमसाट वाढते. जंगलाच्या फाटक्या कडेला घाणेरीची जाळी माजते, तिच्यात उंदीर-चिचुंद्र्या वाढतात, त्यांच्यावर गोचिडांची पिल्लं पोसली जातात. माकडाला लागण होते, ते मरून पडतं, त्याच्या अंगावरची गोचीड जमिनीवर उतरतात आणि त्या जागेवरून जाणाऱ्या माणसाला डसतात. पावसाळा संपल्यावर, साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत, पाचोळ्यात ही पिल्लं सर्वांत जास्त असतात.

अनेक दशकं हा रोग शिमोगा आणि लगतच्या जिल्ह्यांपुरता राहिला. मग २०१२ मध्ये बंदीपूर, २०१३ मध्ये वायनाड, पुढे गोव्यातला सत्तरी तालुका आणि २०१६ मध्ये आपलं दोडामार्ग. त्यानंतर बांद्याकडे. सिंधुदुर्गात त्याला माकडताप म्हणतात आणि त्याचा हंगाम काजूच्या हंगामाशी नेमका जुळतो. बोंडं गळतात तेव्हा बाया-बापे पाचोळ्यात वाकून बिया वेचत असतात. त्याच सुमारास गोठ्यासाठी आणि तरव्याच्या भाजवळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, पातेरा गोळा होतो. आरोग्य खात्याने जे करायचं ते केलं: गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचं डीएमपी तेल वाटलं, मेलेल्या माकडाच्या आसपास मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकली, लस टोचली. जुन्या लशीचा प्रभाव घटत गेला आणि आता तिचा वापर थांबला आहे, नवीची चाचणी सुरू आहे.

या सगळ्यात एक गोष्ट कुणी पद्धतशीर केली नाही. पाचोळा पाहिला नाही. काजूच्या बागेतला पाचोळा, रबराखालचा पाचोळा, ऐन-किंजळाच्या मालकी रानातला आणि देवराईतला पाचोळा, यांपैकी कुठे गोचिडांची पिल्लं जास्त असतात? घाणेरी साफ केली तर ती घटतात की उघड्या कडेला उलट वाढतात? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दोडामार्ग-सावंतवाडीच्या उतारांवरचं रान तोडून रबर, अननस आणि केळी लागली. त्या बदलाचा तापाशी काही संबंध आहे का? कर्नाटकातले अलीकडचे अभ्यास सांगतात की जंगल, बाग आणि शेत यांची सरमिसळ आहे तिथे धोका वाढतो. पण सरमिसळ म्हणजे नेमकी कोणत्या झाडांची, हे गावागणिक वेगळं असतं आणि ते उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. उपग्रहाला काजू आणि जंगल दोन्ही हिरवंच दिसतं, निदान सरकारी वनक्षेत्राच्या अहवालात तरी दोन्ही वनाच्छादन म्हणूनच गणलं जातं.

आजची सगळी पाळत माकडाच्या मरणावर बेतलेली आहे. माकड मेलं की कळवा, अशी ती योजना. माकड मेलेलं सापडेपर्यंत गोचीड खाली उतरलेले असतात. जमिनीकडे पाहणारा माणूस नेमला असता, तर खबर काही आठवडे आधी मिळण्याची शक्यता होती.

रोगाचं झालं, आता औषधाचं. त्याच डोंगररांगेत नरक्या नावाचं मध्यम उंचीचं झाड आहे. पावसाळ्यात फुलतं, फुलांना उग्र दर्प असतो, पिकलेली फळं जांभळी-काळी. हे झाड कॅम्प्टोथेसिन बनवतं. या द्रव्याचा शोध मुळात एका चिनी झाडात लागला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. हे वाणी नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेलेले. टॅक्सॉल हे कर्करोगावरचं दुसरं मोठं औषधही याच जोडीने १९७१ मध्ये जगापुढे ठेवलं. महाराष्ट्राने त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात ठळक घालायला हरकत नव्हती, पण ते असो.

कॅम्प्टोथेसिनचा प्रवास सरळ झाला नाही. ते पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचा क्षार करून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांना दिला. मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या थांबल्या. १९८५ मध्ये ते पेशीत नेमकं काय करतं ते उलगडलं. डीएनएचा पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेज-१ नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते डीएनएचा एक धागा कापतं, पीळ सोडवतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन ते जोडण्याआधीच अडकवून ठेवतं. भराभर वाढणारी पेशी अशा तुटक्या धाग्यांनिशी मरते. यावरून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं बनली, दोन्हींना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगावर ती आजही वापरात आहेत, आणि गेल्या काही वर्षांत आलेल्या प्रतिपिंडाला जोडलेल्या नव्या औषधांतही हाच रेणू वेगळ्या रूपात बसवलेला आहे. मागणी संपलेली नाही.

दरम्यान १९७२ मध्ये भारतीय रसायनतज्ज्ञांनी दाखवून दिलं होतं की नरक्यात हे द्रव्य भरपूर आहे. नव्वदच्या दशकात औषध बाजारात येऊ लागलं तसे सह्याद्रीत दलाल आले. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गात नरक्या तुटू लागला, मुळांत द्रव्य जास्त म्हणून खणलाही जाऊ लागला. बुंधा राखून तोडला तर हे झाड पुन्हा फुटतं, मुळासकट गेलं तर प्रश्नच मिटला. नरक्याचे ओंडके भरलेली गाडी पकडल्याच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या पानांवर अजूनही येतात. तोडणाऱ्याला किलोमागे हाती येतात ते थोडे रुपये. एखाद्या तरुणावर गुन्हा दाखल होतो, गाडी जप्त होते, पुढचा व्यापारी कुठल्याच बातमीत नसतो.

बंगळूरच्या कृषी विद्यापीठातल्या आणि इतर काही अभ्यासकांनी नरक्याचे कोणते वाण कुठल्या डोंगरात जास्त द्रव्य देतात याचा कसून शोध घेतला. त्यातून लागवडीची दिशा मिळाली. पण हे काम सुरू होईतो अनेक ठिकाणची झाडं गेली होती. ज्या दिवशी प्रयोगशाळेत कळलं की या झाडात कर्करोगावरचं द्रव्य आहे, त्याच दिवशी कुणीतरी रानात जाऊन ही झाडं किती आहेत, नर किती, मादी किती, बी कोण पसरवतं, हे मोजायला हवं होतं. रेणूवर खर्च झालेल्या रकमेपुढे ती मोजणी चिल्लर ठरली असती.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: रान कशाला हवं, प्रयोगशाळेतच बनवू. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी कॅम्प्टोथेसिन तयार करते, असा शोध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांना वाटलं की झालं, आता बुरशी वाढवायची. चिनी झाडातल्या अशाच एका बुरशीवर पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसलं की झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्यावर ती ते द्रव्य बनवणं हळूहळू सोडून देते. झाडात तिला जे मिळतं ते बशीत मिळत नाही. आणखी एक नवल आहे. हे विष बनवणारी झाडं स्वतः मरत का नाहीत? २००८ मध्ये कळलं की अशा काही वनस्पतींच्या टोपोआयसोमरेज-१ विकरात ७२२ व्या जागचं एक अमिनो आम्ल बदललेलं आहे, म्हणून औषध त्याला अडकवू शकत नाही. नेमका तोच बदल औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशींतही आढळला होता. कर्करोग औषधाला कसा चुकवतो याचा धडा रानातल्या झाडाने लाखो वर्षं आधी लिहून ठेवलेला होता. असे आणखी किती धडे सह्याद्रीत उभे आहेत, हे झाडं तुटल्यावर कळण्याचा मार्ग नाही.

आणि आरोग्याच्या पैशातून वनस्पतिशास्त्रज्ञ पोसणं ही माझी भाबडी कल्पना नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० मध्ये कृषी खात्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना पैसे देऊन झाडांचे नमुने गोळा करायला लावलं. त्यातले आर्थर बार्कले १९६२ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्याच्या जंगलातून पॅसिफिक येव या झाडाची साल घेऊन आले. तीच पुढे टॅक्सॉल झाली. टॅक्सॉलला किलोमागे हजारो झाडांची साल लागे. लाकूडतोडीनंतर कचरा म्हणून जाळलं जाणारं हे झाड अचानक मौल्यवान झालं आणि १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने येवसाठी स्वतंत्र कायदा केला: सरकारी जमिनीवरची झाडं वाया जाऊ नयेत, साल काढताना पुढची पिढी उरावी. पुढे फ्रान्समध्ये सापडलेल्या वाटेने युरोपीय येवच्या पानांतून औषध बनू लागलं आणि नंतर पेशीसंवर्धनातून. आपल्याकडे मात्र हिमालयातला येव त्याच काळात ओरबाडला गेला, इतका की १९९५ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले.

एक आक्षेप मी गांभीर्याने घेतो. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण आजही गोव्याला बांबोळीला न्यावा लागतो. गाडीभाडं, दुसऱ्या राज्यातलं रुग्णालय, नातेवाइकांच्या राहण्याचे हाल. अशा जिल्ह्यात आरोग्याचा पैसा पाचोळा तपासायला वापरा, असं सांगणाऱ्याला लोकांनी चार शब्द सुनावले तर ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण मी खाटांचा पैसा मागत नाही. संशोधनासाठी म्हणून वेगळा ठेवलेला पैसा आहे, त्याच्या वाटणीबद्दल बोलतो आहे. शिवाय माकडतापाचा एक रुग्ण बांबोळीला पोचवण्याचा आणि तिथे आठवडाभर ठेवण्याचा खर्च धरला, तर एका तालुक्यात हंगामभर पाचोळा पाहणाऱ्या दोन माणसांचा पगार काही फार वाटणार नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सगळं करायला माणसं कुठे आहेत? हा खरा अडसर आहे आणि तो आपणच तयार केला. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ १९५५ पासून आहे, आघारकर संस्थेचा वनस्पतिसंग्रह आहे. पण गेल्या पंचवीस वर्षांत कॉलेजांमधून वनस्पतिशास्त्राची मुलं जैवतंत्रज्ञानाकडे वळली, कारण नोकरीचं आश्वासन तिथे होतं. डीएनएवरून ओळख पटवू, मग वर्गीकरण कशाला, हे मी प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकलं आहे. ज्या संचिकेशी डीएनए ताडून पाहायचा, ती संचिका कुणीतरी झाड हातात घेऊन, फूल उघडून, खात्रीने नाव लावूनच बनवलेली असते. रानातल्या कामासाठी आरोग्य खात्याने पदं काढली की मुलं परत येतील. पगाराशिवाय कुठलीही विद्या टिकलेली नाही.

नागपूरकडे थोडं पाहू. राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ (One Health, म्हणजे ‘एक आरोग्य’) संस्थेची पायाभरणी तिथे २०२२ च्या डिसेंबरमध्ये झाली. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहायचं, अशी ती कल्पना. जागतिक आरोग्य संघटनेसह चार आंतरराष्ट्रीय संस्थांच्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये केलेल्या व्याख्येत वनस्पती हा शब्द स्पष्टपणे आहे. प्रत्यक्ष बैठकांत डॉक्टर असतात, पशुवैद्य असतात, विषाणुतज्ज्ञ असतात. झाडांचा माणूस क्वचितच. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालयही नागपुरातच आहे. दोन्ही ठिकाणचे अधिकारी एकमेकांच्या कामावर रीतसर सह्या करतील, अशी व्यवस्था लावायला दिल्लीहून कुणी यायला नको.

मंडळाची स्वतःची हत्यारं बोथट आहेत हे मान्य. गावोगाव तिथल्या झाडाप्राण्यांची लोकजैवविविधता नोंदवही करायची, ही माधव गाडगीळ यांनी पुढे आणलेली सुंदर कल्पना. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली आणि अनेक ठिकाणी नोंदवह्या घाईघाईत उरकल्या गेल्या. २००२ च्या जैविक विविधता कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन आयुष व्यावसायिकांना आणि ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाच्या वापराला लाभाच्या वाटणीतून, म्हणजे वनस्पती वापरून होणाऱ्या कमाईतला वाटा देण्यातून, सूट मिळाली, तुरुंगवासाच्या तरतुदी गेल्या. लाभाचा वाटा आधीही काही मोठा नव्हता; २०१४ च्या नियमांत कारखान्याच्या दारातल्या किमतीने होणाऱ्या विक्रीवर ०.१ ते ०.५ टक्के. नरक्याच्या गावाला यातून काही मिळेल ही आशा मी सोडली आहे. म्हणून मी लाभाची वाटणी मागत नाही, मोजणी मागतो. सरकारी पैशातल्या ज्या आरोग्य संशोधनात रानटी वनस्पती येते, तिथे नमुना संग्रहालयात ठेवल्याशिवाय आणि ती झाडं रानात किती आहेत हे पाहिल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नये. आणि सह्याद्रीतल्या साथींसाठीच्या निधीतले शंभरातले दोन रुपये झाडं जाणणाऱ्या माणसांवर खर्च व्हावेत. दोनच का? कारण आज तिथे शून्य आहे आणि पाच मागितले तर फाइल हलणार नाही.

सुरुवात सिंधुदुर्गापासून करता येईल. तिथे २०२१ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्ह्यातल्या कॉलेजांत वनस्पतिशास्त्र अजून शिकवलं जातं. गोचीड पकडण्याची जगभरातली पद्धत अगदी साधी आहे: पांढरं जाड फडकं काठीला बांधायचं, पाचोळ्यावरून ठरावीक अंतर ओढत न्यायचं, चिकटलेली पिल्लं मोजून बाटलीत भरायची आणि वर कोणती झाडं आहेत ते लिहायचं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामुदायिक आरोग्य विभागाने आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे मिळून डिसेंबर ते मे करावं, दर आठवड्याला, त्याच त्या काजूबागांत, रबरात आणि देवरायांत. विषाणू तपासायला बाटल्या पुण्याला जातील. आकडे आरोग्य केंद्राच्या फळ्यावर लागले, की बिया वेचायला कुठल्या बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा आणि तेल लावायचं, हे लोक स्वतःच ठरवतील.